पहिल्या घाण्याचा तळ

सन एकोणीसशे अडुसष्ट, हिवाळ्याचा शेवटचा आठवडा. ओतकामाच्या कारखान्यात वाळूच्या साच्यातून मला बाहेर काढले आणि हातोडीने अंगाला चिकटलेली जळकी वाळू झोडली. मी ओरडलो नाही. मी टोप आहे. बिडाचा. तांब्यापितळेची भांडी वाकतात, त्यांना पोचे पडतात, कल्हईसाठी ती दारोदार जातात. बीड वाकत नाही. ते टिकते, नाही तर फुटते. माझा स्वभावही तसाच आहे आणि आता तो बदलायचे वय नाही.

माझ्यात गोडधोड कधी शिजले नाही. माझ्यात पाठीचे, गुडघ्याचे, खांद्याचे तेल उकळते. लोक बाटलीला नावाजतात, तेलाला नावाजतात. ज्याच्या बुडाला जाळ लागतो त्याला कोणी विचारत नाही. न विचारोत. मी तक्रार करायला बसलेलो नाही.

मला विकत घेतले एका हमालाने. गोदामांच्या रस्त्यावर तो पाठीवरून पोती वाहायचा. पुढे सगळे त्याला मालक म्हणू लागले, म्हणून मीही मालकच म्हणतो. ऐन उमेदीत त्याची पाठ गेली. ओझे सुटले. त्याची आई एक तेल करायची, ते त्याने स्वतःसाठी करून पाहिले. पाठ थोडी हलू लागली. मग इतर हमाल मागू लागले, मग शिंपी, मग परटिणी. बघता बघता तोच धंदा झाला.

तेल करायला अक्कल थोडी आणि धीर फार लागतो. तिळाचे तेल घ्यायचे. त्यात एरंडाच्या पानांचा रस, ठेचलेला लसूण, सुंठ, ओवा. जाळ मंद. रसातले पाणी सगळे आटले पाहिजे, नाही तर तेल नासते. खूण सोपी आहे. कापसाची वात तेलात बुडवून पेटवायची. तडतडली तर पाणी शिल्लक आहे. गप जळली तर तेल झाले. कापूर शेवटी, मी उतरल्यावर आणि निवल्यावर. घाई करणाऱ्याचा कापूर हवेत जातो.

मालकाचा एक नियम होता. मला घासायचे नाही, नुसते पुसायचे. आणि तेल गाळताना सगळे काढायचे नाही. पळीभर बुडाशी ठेवायचे, त्यावर पुढचा घाणा चढवायचा. त्या पळीभराला घरात तळ म्हणत. मालक गिऱ्हाइकांना छाती पुढे काढून सांगे, "हा तळ पहिल्या घाण्याचा आहे. वर कितीही चढवा, मूळ तेच."

हे खोटे होते. एका कडक उन्हाळ्यात तळ खवटला, तेव्हा मालकाने तो मागच्या गटारात ओतला आणि ताज्या तेलाचा ठेवला. त्याची बायको तेव्हा माहेरी होती. तिला त्याने सांगितले नाही. मीही सांगितले नाही.

घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत चोळायचे बाक आणि भिंतीला सदरे अडकवायच्या खुंट्या. मागच्या खोलीत चूल, चुलीवर मी. मधले दार उघडे असले की मला बाक दिसते. त्यामुळे मी माणसे पाठीवरून ओळखतो. तोंडे मला फारशी ठाऊक नाहीत, आणि पाठी पाहिल्यावर तोंडे पाहायची इच्छाही होत नाही.

माणूस दुखणे सांगताना एक बोट टेकवतो आणि म्हणतो, "इथं." तिथे दाबले की म्हणतो, "इथं नाही, जरा खाली." खाली दाबले की म्हणतो, "आता वर गेलं." थोडे दुखणारा गल्लीला ऐकू जाईल असा कण्हतो. खरे दुखणारा दात खाऊन गप पडतो. बरे वाटलेला पुन्हा सांगायला येत नाही. न वाटलेला मात्र दुसऱ्याच दिवशी दारात हजर, आणि येताना चार माणसे घेऊन.

मालकाची बायको म्हणजे थोरली. ती तेल उकळायला शिकली आणि त्याच्याहून चांगले उकळू लागली. मालकाचा धाकटा भाऊ सुतार होता. बाक त्यानेच केलेले. तो तरुणपणीच गेला आणि त्याची बायको, धाकटी, या घरात आली. तिच्या हातात जोर होता. नुसता जोर नव्हे. तिचा अंगठा पाठीवर फिरू लागला की मोठमोठे हमाल झोपून जात. थोरलीने पहिल्याच दिवशी वाटणी केली होती. "चुलीपाशी मी, बाकापाशी तू. माझ्या चुलीला हात लावायचा नाही."

धाकटीने लावला नाही. मालक जाईपर्यंत.

मालक गेला तेव्हा थोरली भिंतीला पाठ लावून बसून राहिली. धाकटीला बसवेना. ती ज्या घरातून आली होती तिथे काळे भांडे दिसले की ती बाई आळशी ठरायची. जावेला तेवढाच आधार, म्हणून तिने घरातले प्रत्येक भांडे बाहेर काढले. मलाही. तिने मला पालथे केले, विटेचा चुरा घेतला, सोडा घेतला आणि खांदे भरून येईपर्यंत घासले. इतक्या वर्षांचे माझे काळे अंग सोलून निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यावर तांबूस गंज चढला होता.

थोरलीने चुलीकडे पाहिले. "हे काय?"

"काळाकुट्ट झाला होता, जाऊबाई. लख्ख केला."

"आणि तळ?"

"कसला तळ? बुडाशी चिकट घाण होती, ती धुऊन टाकली."

थोरली उठली. तिने माझ्या आतून बोट फिरवले. बोट कोरडे निघाले.

"माझ्या नवऱ्याचा हात होता त्यात. पहिल्या घाण्याचा. तुला घाण दिसली होय गं?"

"मला ठाऊक नव्हतं. चुलीपाशी तुम्ही कधी येऊ दिलंत?"

"वर तोंड करून बोलतेस? माझा तळ मला भरून दे."

"देते."

"दिल्याशिवाय या घरातून जायचं नाही."

"नाही जाणार. तुमचं देणं डोक्यावर घेऊन मी उंबरा ओलांडणार नाही. झालं समाधान?"

त्या दोघींचे एकमेकींशी झालेले हे शेवटचे सरळ बोलणे.

पुढच्याच महिन्यात धाकटीचा भाऊ तिला न्यायला आला. त्याच्या गावात, त्याच्या दुकानाला लागून, त्याने तिच्यासाठी खोली केली होती. बाकसुद्धा करून ठेवले होते, नवे कोरे. तिचे डोळे चमकले, ते मी दारातून पाहिले. स्वतःची खोली, स्वतःचे गिऱ्हाईक, कोणाचे तोंड पाहणे नाही. पण ती म्हणाली, "देणं फेडते आणि येते, दादा." तो दर वर्षी विचारायला येई. दर वर्षी तेच उत्तर घेऊन परत जाई.

मधल्या काळात त्या दोघी माझ्याशी बोलू लागल्या. लेकी बोले सुने लागे म्हणतात. या घरातली लेक मी.

"टोपा," थोरली जाळ सारता सारता म्हणे, "सांग तिला, पुढच्या खोलीत पाणी सांडलंय. कोणी घसरून मेलं तर तेही धुऊन टाकेल."

"टोपा, सांग त्यांना," पुढून उत्तर येई, "पाणी गिऱ्हाइकाच्या छत्रीचं आहे. आणि मेलेल्याला त्यांचं तेल लावू, उठून बसेल. गुणच तसा आहे ना."

मला तोंड आहे, दोन कान आहेत, बूड आहे. मी कोणाला काही सांगितले नाही. त्याची गरजच पडली नाही. दोघींचे आवाज खणखणीत होते.

थोरलीच्या बोटांची पेरे सुजू लागली होती. कालथा धरताना तिचा श्वास अडखळे. गावाला तेल देणारी बाई स्वतःच्या बोटांना थेंब लावीत नव्हती, कारण घरात चोळणारे हात एकच होते आणि ते हात मागायचे कसे?

एकदा धाकटीने तो श्वास ऐकला. "टोपा, सांग त्यांना, बोटं तुटून पडायच्या आधी चोळून घ्या."

"टोपा, सांग तिला, बोटं अजून शाबूत आहेत. तिच्या नावानं मोडायला लागतात."

तळ फेडायचा प्रयत्न धाकटीने केला नाही असे नाही. एकदा तिने शेजारच्या चुलीवर स्वतः तेल उकळून आणले. थोरलीने ते दाराच्या बिजागरीला घातले. दार तेव्हापासून कुरकुरत नाही. दुसऱ्यांदा तिने जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन जुन्या बाटल्यांच्या बुडाचे थेंब गोळा केले. त्याला वर्ष लागले. थोरलीने वाटी नाकाशी नेली. "टोपा, लोकांच्या पाठीचं उष्टं तुझ्यात घालायला निघालीय ही बया." वाटी गटारात गेली.

मी माणसांना फार ओळखत नाही, पण थोरलीला ओळखतो. तिला तळ नको होता. तिला देणे हवे होते. गिऱ्हाईक तेलासाठी येत नाही, धाकटीच्या हातांसाठी येते, हे तिला पक्के ठाऊक होते. देणे फिटले की ते हात गेले. मग राहणार कोण? ती आणि मी. आणि माझ्याशी बोलायचे ते पलीकडे ऐकायला कोणी असेल तरच.

अशात तिरकोबा आला.

तिरकोबा हे त्याचे खरे नाव नव्हे. तो डाव्या अंगाने वाकून चाले, म्हणून गोदामांच्या रस्त्यावर त्याला तसे म्हणत. तरुणपणी तो मालकाचा जोडीदार. जड खोकी दोघे मिळून वाहायचे. मालकाची पाठ गेली ती जिन्यावर, खोके वर चढवताना. त्याने हात सोडला आणि खोके तिरकोबाच्या कमरेवर आले. त्यानंतर तिरकोबाने मालकाच्या दारात पाऊल टाकले नाही. मालकाच्या अंत्ययात्रेच्या वेळी तो रस्ता बदलून गेला म्हणतात.

तो काठी टेकत पुढच्या खोलीत आला आणि बाकावर एक डबी ठेवली. बाजारातल्या मलमाची.

"धाकट्या वहिनी, मला तुमच्या घरचं तेल नको. थेंबसुद्धा नको. हा मलम लावा. मला हात पाहिजेत."

"घरात तेल उकळतंय आणि तुम्ही मलम आणता? लोक काय म्हणतील?"

"लोक मला तिरकोबा म्हणतात. आणखी काय म्हणणार?"

त्याला पालथे झोपता येईना, उताणे तर नाहीच. एका कुशीवर वेटोळे करून तो पडला. धाकटी चोळू लागली आणि तो बोलू लागला. पाठ मोकळी होऊ लागली की जीभही होते.

"त्याच्या तेलाचा पहिला घाणा उतरला ना, त्यातली पहिली बाटली तो माझ्याकडे घेऊन आला होता. म्हणाला, लाव, बरं वाटेल. मी म्हटलं, ठेव तिथं."

"मग? लावलंत?"

"लावतो कशाला? बरं वाटलं असतं तर त्याचे उपकार मानावे लागले असते. अजून आहे फळीवर. गाठसुद्धा सोडली नाही. रोज सकाळी बघतो आणि दोन शिव्या घालतो."

धाकटीचे हात थांबले. मी तिला इतकी वर्षे पाहतो आहे, तिचे हात मध्येच कधी थांबले नव्हते.

"ती बाटली मला द्या," ती हळूच म्हणाली.

"का?"

"देणं आहे."

तिरकोबाने मान वळवून मागच्या दाराकडे पाहिले, मग तिच्याकडे. म्हातारा मूर्ख नव्हता. "ज्या दिवशी मी उताणा झोपेन, त्या दिवशी देईन. खोकं पडल्यापासून मी छत पाहिलेलं नाही."

"तेल लावू द्या, लवकर होईल."

"तेल नाही."

त्या दिवसापासून तो येत राहिला, आणि मलमाचा वास मागच्या खोलीत येत राहिला. थोरलीने दोन दिवस सोसले. तिसऱ्या दिवशी कालथा माझ्या काठावर आपटला. बिडावर आपटायचे नसते, पण तिला सांगणार कोण?

"टोपा, सांग तिला, माझ्या घरात परकी डबी उघडायची नाही. उद्या लोक म्हणतील, यांच्या तेलावर यांचाच भरवसा नाही."

"टोपा, सांग त्यांना, डबी त्याची, पाठ त्याची, हात माझे. बाक माझ्या नवऱ्यानं ठोकलेलं. यात त्यांचं काय उघडलं?"

"सांग तिला, त्या माणसानं माझ्या नवऱ्याच्या मढ्यालाही पाठ दाखवली."

"पाठ दाखवायलाच येतोय तो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने ते बाक ओढत मागच्या खोलीत आणले. तिच्या बोटांना ते झेपत नव्हते. ढकलत, गुडघ्याने रेटत तिने ते आणले आणि त्यावर बसून लसूण सोलू लागली. दिवसभर त्याच्यावर बसली. त्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकांना उभ्यानेच खांदे चोळून घ्यावे लागले.

तिरकोबा आला. रिकामी जागा पाहून म्हणाला, "सामान हलवलंत वाटतं?"

"टोपा, त्याला म्हणावं, भुई हलवली नाही अजून," थोरली आतून म्हणाली.

धाकटीने भुईवर घोंगडी अंथरली. त्या हिवाळ्यात ती रोज भुईवर गुडघे टेकून त्याला चोळत राहिली. तिचे गुडघे सुजले. बाक काही दिवसांनी पुढे गेले, कारण गिऱ्हाईक कुरकुरू लागले, पण तिरकोबासाठी नव्हे. त्याची जागा भुईवर ठरून गेली. थोरली रोज नवे टोमणे तयार ठेवी. धाकटी उत्तरे द्यायची बंद झाली. हे थोरलीला जास्त लागले. ती माझ्यावर दुप्पट बोलू लागली आणि पलीकडून नुसता चोळण्याचा आवाज येऊ लागला.

मलमाने काही झाले असे मला वाटत नाही. जे झाले ते हातांनी. आधी त्याचा खांदा टेकला. मग कंबर. एक दिवस धाकटीने त्याच्या मांडीखाली हात घातला, पाय सावकाश सरळ केला, आणि तो उताणा झाला. तो डोळे उघडे ठेवून निपचित पडला. मला वाटले, म्हातारा गेला.

"धाकट्या वहिनी," तो म्हणाला, "छताला केवढी जळमटं लागलीत. झाडत नाही होय कोणी?"

धाकटी मागे बसली आणि पदराने तोंड दाबून हसली. की रडली. दाराच्या कोनातून मला नीट दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी तो बाटली घेऊन आला. धुळीने भरलेली, आतले तेल काळपट. ती देताना त्याने दोन वेळा हात मागे घेतला. "इतकी वर्षं रोज हिच्यावर रागावत होतो. आता घरात रागवायला काही उरलं नाही," असे म्हणाला आणि गेला. वाकूनच गेला. उभे राहून सरळ चालणे त्याच्या नशिबात नव्हते.

आत्मवृत्त सांगणाऱ्याने शेवटी वाचकांना हात जोडून काहीतरी मागायचे असते म्हणे. मला हात नाहीत आणि मागण्यासारखे काही नाही. माझ्या काठाला, एका कानापाशी, चीर गेली आहे. कालथा आपटल्याची. जाळ मोठा झाला की ती थोडी पुढे सरकते. एक दिवस मी फुटेन. तोवर तेल होईल. उरलेले एवढेच सांगतो.

धाकटी बाटली घेऊन मागच्या खोलीत आली. मला घासले त्या दिवसानंतर ती चुलीपाशी पहिल्यांदाच आली. थोरली माझ्यातले गाळून बसली होती. धाकटीने बाटली माझ्याजवळ कट्ट्यावर ठेवली.

"टोपा, सांग त्यांना, तळ आणलाय."

"टोपा, विचार तिला, या वेळी कुठल्या उकिरड्यावरून?"

थोरलीने बाटलीकडे पाहिले आणि तिची नजर बुचावर थांबली. बुचाभोवती सुतळी होती, आणि सुतळीला पोत्याची गाठ. हमाल पोत्याच्या तोंडाला मारतात ती. प्रत्येक हमालाची ती वेगळी असते, कारण आपले पोते आपल्याला ओळखू यावे लागते. कुठले टोक ओढायचे ते ठाऊक असले तर एका ओढीत सुटते. नसले तर सुरीच लागते.

थोरलीने हात पुसले. बाटली मांडीवर घेतली. सुतळीचे टोक तिच्या सुजलेल्या बोटांत धरवेना. धाकटीचा हात पुढे आला. थोरलीने बाटली बाजूला ओढली. मग तिने ते टोक दातांत धरले आणि ओढले.

गाठ सुटली.

बूच निघाले तसा वास आला. खवट. खोलीभर झाला. या तळावर चढवलेला घाणा नासणार हे मला कळले, आणि थोरलीला माझ्याआधी कळले. खवट आहे, नको, एवढे म्हटले की काम होते. देणे राहिले असते, हात राहिले असते. ती बाटली धरून बसली. चुलीतले लाकूड मधूनच वाजत होते. धाकटी उभीच होती.

थोरलीने माझ्यातला जुना तळ एका डब्यात काढला. मला आतून कोरडे पुसले. मग बाटली तिरपी केली. तेल घट्ट झाले होते, सावकाश उतरले. माझे बूड झाकले गेले. ती बाटली उपडी धरून राहिली, शेवटचा थेंब सुटेपर्यंत.

मग तिने मान वर करून धाकटीकडे पाहिले.

"फिटलं," ती म्हणाली.